पाणी कंपनीचं, तळं कोणाचं?

"दादा, एक कंपनी आपल्या गावात नाला खोलीकरण आणि एक विहीर करून देणार म्हणते. सीएसआरमधून. विरोध करायचा का पाठिंबा द्यायचा?"

हिवरा आश्रमच्या स्टँडजवळ चहा पिताना शेजारच्या गावातल्या एका पोरानं हा प्रश्न विचारला. सोबत त्याचे तीन-चार मित्र होते आणि त्यांच्यात आधीच दोन तट पडले होते. एकजण म्हणाला, भांडवलदारांचे पैसे, त्यांना आपला विरोधच. दुसरा म्हणाला, तुझ्या विरोधानं हंडा भरतो का? माझी आई एप्रिल लागला की दीड किलोमीटरवरून पाणी आणते, तिला विचार.

मला दोघांचंही अर्धंअर्धं पटलं. उरलेल्या अर्ध्यासाठी हा लेख.

आधी हे मान्य करू की पाणीटंचाई निवारणात उद्योग-व्यवसायांनी पैसा, यंत्रं, तांत्रिक माणसं लावली तर फरक पडतो. बुलढाणा जिल्ह्याला हे सांगायची गरज नाही. राष्ट्रीय महामार्गांची कामं इथं सुरू झाली तेव्हा ठेकेदारांना भरावासाठी माती-मुरूम हवा होता. तो डोंगर फोडून आणण्याऐवजी गावतळी, नाले, पाझर तलाव यांच्यातून काढायचा, त्याचं स्वामित्वधन सरकारनं घ्यायचं नाही आणि त्या बदल्यात जलसाठा खोल होऊन मिळायचा, असा व्यवहार झाला. रस्त्याचा भराव झाला आणि तळंही खोल झालं. सरकारच्या तिजोरीतून खोदाईचा वेगळा पैसा गेला नाही. हाच 'बुलढाणा पॅटर्न' म्हणून पुढे राज्यभर गाजला. 2018 मध्ये भारतीय जैन संघटनेनं 'सुजलाम् सुफलाम्' मोहिमेत या जिल्ह्यात शंभराहून अधिक जेसीबी-पोकलेन उतरवली. यंत्रं संघटनेची, डिझेल सरकारचं. धुळे जिल्ह्यातला 'शिरपूर पॅटर्न' तर एका सहकारी सूतगिरणीच्या पैशावर उभा राहिला. तेव्हा व्यावसायिकांकडून काहीच होत नाही, असं म्हणणं खोटेपणाचं ठरेल.

पण आंबेडकरी माणसाचा प्रश्न इथं संपत नाही, इथून सुरू होतो. तळं खोल झालं. त्यातला गाळ कोणाच्या शेतात गेला? वाढलेलं पाणी कोणाच्या विहिरीत उतरलं?

'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना 2017 ची. गाळ फुकट, पण तो शेतापर्यंत नेण्याचा खर्च शेतकऱ्याचा, असा मूळ हिशोब. म्हणजे ज्याच्याकडे ट्रॅक्टर-ट्रॉली आणि जमीन, त्याचं शिवार गाळयुक्त. बौद्धवाड्यातल्या, मातंग वस्तीतल्या भूमिहीन मजुरानं तो गाळ न्यायचा कुठं, अंगणात? 2023 पासून अल्प आणि अत्यल्पभूधारकांना एकरी 15 हजार, जास्तीत जास्त अडीच एकरांसाठी 37,500 रुपये अनुदान सुरू झालं, हे चांगलं झालं. पण त्यालाही जमिनीचा कागद लागतो. दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीन सत्याग्रहाला साठ वर्षं होऊन गेली, तरी आपले गायरानधारक अजून अतिक्रमणाच्या नोटिसा सांभाळत बसलेत. सातबारा नाही म्हणून गाळ नाही. सरकारच्या विहिरीचंही तेच. बाबासाहेबांच्या नावानं कृषी स्वावलंबन योजना आहे, अनुसूचित जाती आणि नवबौद्ध शेतकऱ्यांना नव्या विहिरीसाठी अनुदान देते, चांगली योजना आहे. पण किमान 0.40 हेक्टर जमीन हवी. पाणी जमिनीच्या मागे जातं आणि जमीन जातीच्या मागे गेलेली आहे. जेसीबी कितीही खोल गेला तरी हे गणित तो बदलत नाही.

आता कोणी म्हणेल, अहो भूजल वाढलं की सगळ्यांच्याच विहिरींना पाणी येतं. येतं ना, ज्यांना विहीर आहे त्यांना येतं. वाशिम जिल्ह्यातलं कोळंबेश्वर आपल्या मेहकर तालुक्याच्या पलीकडच्या मालेगाव तालुक्यात आहे. 2016 च्या दुष्काळात तिथल्या एका दलित मजुराच्या बायकोला विहिरीवर पाणी नाकारलं गेलं. तो माणूस कोणाशी भांडायला गेला नाही. मजुरी सांभाळून रोज काही तास एकटा खणत राहिला आणि 40 दिवसांत विहिरीला पाणी लागलं. पेपरांनी त्याला 'मांझी' म्हटलं, टीव्हीवाले आले, सत्कार झाले. त्याचं कौतुक व्हायलाच हवं. पण त्या कौतुकाच्या गर्दीत विहिरीतलं पाणी कमी नव्हतं, ते अडवलेलं होतं, हे मागे पडलं. टंचाई दोन प्रकारची असते. एक पावसाची आणि एक माणसांची. कंपनीचा इंजिनिअर पहिलीचा नकाशा काढतो. दुसरीचा नकाशा त्याला आपणच द्यावा लागेल.

इथं महाडची आठवण काढायला हवी, पण 20 मार्च 1927 ची नाही. ती आपण दरवर्षी काढतो. मला आठवण द्यायची आहे ती त्यानंतरच्या दहा वर्षांच्या कोर्टकज्जाची, कारण कंपनीच्या विहिरीचा प्रश्न त्यात जसाच्या तसा आहे.

मुंबई विधिमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव 1923 ला मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा हा ठराव. महाड नगरपालिकेनं पुढच्याच वर्षी चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. मग सत्याग्रह झाला, बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतलं, मग दंगल, मग शुद्धीकरणाचा तमाशा. त्याच डिसेंबरमध्ये सवर्ण मंडळी कोर्टात गेली. त्यांचा दावा काय होता? अस्पृश्य अपवित्र आहेत, एवढाच नाही. ते म्हणाले, तळं खासगी स्वरूपाचं आहे, सवर्णांच्या वहिवाटीचं आहे, आणि अस्पृश्यांना मज्जाव करण्याची रूढी अनादी काळापासून चालत आली आहे. म्हणजे भांडण पाण्याचं होतं आणि लढाई मालकीच्या कागदावर आली. 17 मार्च 1937 ला मुंबई उच्च न्यायालयात निकाल लागला. तळं नगरपालिकेचं ठरलं, अनादी रूढी सिद्ध झाली नाही. बाबासाहेब जिंकले. पण विचार करा, ते तळं एखाद्या शेठजीनं स्वतःच्या जागेत बांधलं असतं तर?

हा अनुभव ज्या माणसाच्या गाठीशी होता त्याच माणसाच्या देखरेखीखाली संविधानाचा मसुदा तयार झाला. अनुच्छेद 15(2)(ख) काढून वाचा. विहिरी, तळी, स्नानघाट, रस्ते यांच्या वापरात जातीवरून आडकाठी करता येणार नाही. पण कोणत्या विहिरी आणि तळी? पूर्णतः किंवा अंशतः राज्याच्या पैशातून राखलेली, किंवा सर्वसाधारण जनतेच्या उपयोगासाठी समर्पित केलेली. हे शब्द महाडच्या चिखलातून चालत आलेले आहेत. आता कंपनीचा पैसा हा राज्याचा पैसा नाही. म्हणजे कंपनीनं बांधलेल्या विहिरीला या अनुच्छेदाचं पूर्ण संरक्षण हवं असेल तर ती 'जनतेच्या उपयोगासाठी समर्पित' आहे, असा कागद लागेल. तो कागद नसेल आणि विहीर पाटलाच्या धुऱ्यावर असेल, तर उद्या तुमच्या बहिणीला कोणी हटकलं की पोलीस ठाण्यातला जमादार पहिला प्रश्न विचारेल, विहीर कोणाची? ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम 3(1)(यक), इंग्रजी मजकुरात झेडए, यात 2015 च्या दुरुस्तीनं विहीर, तळं, नळ यांचा इतरांच्या बरोबरीनं वापर करू न देणं हा स्पष्ट गुन्हा झाला आहे. तरी पाणवठा सामायिक आहे हे दाखवता आलं तर केस उभी राहते, नाहीतर आरोपीच्या वकिलाला पळवाट तयारच असते.

मी स्वतः अशी एक जागा पाहिली आहे. गाव सांगत नाही. मोठा चकचकीत बोर्ड, कंपनीचं बोधचिन्ह, खाली 'जलसमृद्ध गाव'. बोर्ड रस्त्यालगत आणि विहीर गावातल्या वजनदार माणसाच्या कुंपणाच्या आत. विचारलं तर उत्तर मिळालं, जागा त्यांनी दिली ना! वस्तीचं टाकं कोरडं होतं. कंपनीच्या अहवालात मात्र लाभार्थी म्हणून सगळं गाव मोजलं गेलं असणार, आपण धरून.

यावर उपाय कायद्यातच आहे आणि तो आपल्या कार्यकर्त्यांना फारसा माहीत नाही, म्हणून जरा थांबून सांगतो. कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 नुसार 500 कोटी नक्त मालमत्ता, 1000 कोटी उलाढाल किंवा 5 कोटी निव्वळ नफा, यापैकी एक जरी निकष पूर्ण झाला तर त्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान 2 टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. याच्या नियमांत 22 जानेवारी 2021 ला दुरुस्ती झाली. त्यातला नियम 7 चा उपनियम 4 पाठ करून ठेवा. सीएसआरच्या पैशातून उभी राहिलेली भांडवली मालमत्ता तीनच प्रकारच्या हातांत राहू शकते: सीएसआरसाठी नोंदणी झालेली सेवाभावी संस्था किंवा ट्रस्ट, लाभार्थ्यांचा बचत गट किंवा सामूहिक संस्था, अथवा सार्वजनिक प्राधिकरण. खासगी जमीनदार या यादीत नाही. कंपनीही नाही.

मग आपली मागणी सोपी होते. विहीर, टाकी, आरओ प्लांट, जे काही असेल ते ग्रामपंचायतीच्या नावावर, किंवा वस्तीतल्या महिलांच्या बचत गटाच्या नावावर. पहिली जागा गावठाणाची वा शासकीय. खासगी जागाच घ्यायची असेल तर आधी नोंदणीकृत दानपत्र, मग कुदळ. ट्रस्टचं नाव आलं तर ट्रस्टवर कोण आहे ते विचारा. पाणीपुरवठा समितीत वस्तीतल्या बायका आहेत का ते बघा. हे विचारलं की "तुम्ही लोक प्रत्येक चांगल्या कामात जात आणता" असं ऐकून घ्यावं लागेल. ऐकून घ्या. आणि पुन्हा विचारा.

आता त्या पहिल्या पोराकडे वळतो, जो भांडवलदारांच्या पैशालाच नको म्हणत होता. त्याची भीती निराधार नाही. गांधीजींच्या विश्वस्त सिद्धांताची बाबासाहेबांनी केलेली चिरफाड आपल्यापैकी अनेकांनी वाचली आहे. श्रीमंतानं गरिबाचा विश्वस्त म्हणून वागावं, ही कल्पना त्यांना हास्यास्पद वाटली, कारण ती श्रीमंताच्या मर्जीवर उभी होती. सीएसआरला त्याच पंगतीत बसवायचा मोह मलाही झाला होता. पण इथं 2 टक्के मर्जीचे नाहीत, कायद्याचे आहेत. खर्च न झालेली रक्कमही ठरलेल्या निधीत भरावी लागते. तेव्हा कंपनीच्या माणसापुढे हात जोडून उभं राहू नका, खुर्ची ओढून समोर बसा. आभाराची भाषणं, फेटे, नारळ यांची गरज नाही. मात्र एका गोष्टीवर डोळा हवा. कंपनी पाणी देते आहे म्हणून ग्रामपंचायत दलित वस्ती सुधार योजनेचा पैसा दुसरीकडे वळवू लागली, तर तो आपल्याच खिशातून झालेला उपकार ठरतो.

बाबासाहेब 1942 ते 1946 व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. दामोदर, महानदी यांसारख्या नद्यांचे बहुउद्देशीय प्रकल्प त्यांच्या खात्यात आकाराला आले, केंद्रीय जल आयोगाचा पायाही तेव्हाचाच. नोव्हेंबर 1945 मध्ये कटकच्या परिषदेत त्यांनी मांडणी केली ती नदीचं पाणी ही लोकांची संपत्ती समजून सगळ्या खोऱ्याचा विचार करण्याची. इतका मोठा विचार केलेल्या माणसाचे अनुयायी एका बोर्डवाल्या विहिरीवर समाधान मानणार असतील तर कठीण आहे. कंपनीची मदत ही राज्याच्या जबाबदारीला जोड आहे, तिला पर्याय करू द्यायचं नाही.

शिवाय सीएसआरच्या कायद्यातच एक खोच आहे. कंपनीनं आपल्या कारखान्याच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं असं तो म्हणतो. कारखाने चाकणला, वाळूजला. आपल्याकडे घाटाखाली खामगाव-मलकापूरला थोडेफार आहेत. घाटावर मेहकर, लोणारला काय? ज्या भागाला उद्योगानं टाळलं त्याला उद्योगाची मदतही टाळते. समृद्धी महामार्ग आपल्या तालुक्यातून गेला, गाड्या 120 च्या वेगानं जातात, पण थांबलेल्या पैशाचा पत्ता नाही. हा मुद्दा जिल्हा नियोजन समितीपुढे जायला हवा, आमदार-खासदारांना विचारायला हवा.

आणि मदतीच्या आधी हिशोब. एखादा उद्योग गावाला पाणी देतो म्हणतो तेव्हा तो स्वतः किती उपसतो हे कळायलाच हवं. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. त्याच काळात तेव्हाच्या औरंगाबादमधल्या मद्य कारखान्यांचं पाणी चालू होतं, शेवटी खंडपीठाला त्यांच्या पाण्यात 60 टक्के आणि इतर उद्योगांच्या पाण्यात 25 टक्के कपात करा असा आदेश द्यावा लागला. केरळात प्लाचिमाडा इथं कोका-कोलाच्या कारखान्यामुळे विहिरी आटल्या, पाणी बिघडलं म्हणून आदिवासी बायका धरण्यावर बसल्या आणि 2004 मध्ये तो कारखाना बंद पडला. आपल्या राज्याच्या 2003 च्या जलनीतीत पिण्याच्या पाण्यानंतर दुसरा क्रमांक उद्योगाचा होता, शेती त्याच्या मागे. ओरड झाल्यावर 2011 ला तो क्रम बदलला. उद्योगानं पाण्यासाठी करायची सगळ्यात मोठी मदत म्हणजे वापरलेलं पाणी शुद्ध करून पुन्हा वापरणं आणि मीटरचे आकडे गावाच्या फलकावर लिहिणं. यात फोटो चांगला येत नाही, म्हणून ती मागे राहते.

मोठ्या कंपन्यांचं झालं. पण व्यवसाय म्हणजे काय फक्त कंपन्या? हिवरा आश्रम, जानेफळ, डोणगाव, मेहकर इथले मंगल कार्यालयवाले, गोदामवाले, जिनिंगवाले, शाळा-कॉलेजवाले, थंड पाण्याच्या जारचा धंदा करणारे, गाड्या धुणारे, वीटभट्टीवाले यांना कलम 135 लागू नाही, पण जमिनीखालचं पाणी तेही ओढतातच. 10 हजार चौरस फुटांच्या गोदामाच्या पत्र्यावर 700 मिलिमीटर पाऊस पडला तर साडेसहा लाख लिटर पाणी होतं. पाचवा हिस्सा वाया गेला धरा, सव्वापाच लाखांच्या आसपास उरतं. जलजीवन मिशनच्या माणशी 55 लिटरच्या हिशोबानं 200 माणसांच्या वस्तीला दिवसाला 11 हजार लिटर लागतं. म्हणजे एका गोदामाच्या पत्र्यावर अशा वस्तीचं दीड महिन्याचं पाणी पडतं आणि नालीत जातं. एवढी टाकी बांधणं परवडत नसेल तर गाळणखड्डा करून ते विहिरीत, बोअरमध्ये सोडा, पण सोडा. जारवाल्यांचं तर विशेष. आरओच्या मशीनमध्ये शुद्ध पाण्याबरोबर बरंचसं पाणी फेकलं जातं, ते गाड्या धुवायला, बांधकामाला सहज चालतं. खारपाणपट्ट्यात आरओची गरज मी समजू शकतो, तिथं किडनीच्या आजारानं घरं उद्ध्वस्त झाली. पण घाटावर सार्वजनिक नळ बिघडला की जारचा धंदा वाढतो, आणि ज्याच्याकडे रोजचे जारचे पैसे नाहीत त्यानं काय प्यायचं?

हिवरा आश्रमला विवेकानंद जयंतीची महापंगत असते. लाखो माणसं रांगेनं बसतात, ट्रॅक्टरनं पुरी आणि वांग्याची भाजी वाढली जाते. शेजारी कोण बसलंय हे त्या दिवशी कोणी विचारत नाही, आणि त्याबद्दल मला आदर आहे. पण पंगत एका दिवसाची असते. पाणवठा वर्षाचे 365 दिवस असतो, आणि तिथं उन्हाळ्यात कोणाचा हंडा आधी, यावर गाव काय आहे ते कळतं. आश्रमाचं कृषी महाविद्यालय इथंच आहे. तिथं शिकणाऱ्या आपल्या पोरांनी सुट्टीत आसपासच्या पाच-दहा गावांतल्या वस्त्यांची पाणीमोजणी केली, म्हणजे किती घरं, पाणवठा कोणाच्या जागेत, किती लांब, मार्चनंतर किती दिवस कोरडा, तर कुठल्याही कंपनीच्या सर्व्हेपेक्षा ते कागद मोलाचे होतील. कोराडीचं धरण उशाला असून वस्त्यांना पाणी का पुरत नाही, हेही त्यात निघेल.

तर त्या पोरांना मी सांगितलं, विरोध करू नका आणि नुसता पाठिंबाही देऊ नका. अट घाला. तिथंच टपरीवर वहीच्या पानावर ठरावाचा मसुदा लिहिला. आधी जागेचा गट नंबर आणि मालकी ग्रामपंचायतीची. मग पाणवठा सर्व जातीधर्मांच्या लोकांच्या उपयोगासाठी समर्पित, असं स्पष्ट वाक्य, आणि तेच वाक्य बोर्डावर कंपनीच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत. पहिला जोड वस्तीच्या टाक्याला. खोलीकरणाचा गाळ वाटताना गायरान कसणाऱ्यांचाही हिस्सा, वाहतूक कंपनीच्या खर्चानं. पाच वर्षं देखभालीचा पैसा आणि मोटारीची चावी बचत गटाकडे. चावीच्या मुद्द्यावर त्यांच्यात पुन्हा वाद झाला, सरपंच ऐकणार नाही म्हणे. तो मुद्दा ठेवला.

1 मेच्या ग्रामसभेत हा ठराव मांडायचा आहे. बायकांनी पुढच्या रांगेत बसायचं ठरलंय. आपल्या गावासाठी मसुदा हवा असेल त्यांनी कळवा, पाठवतो.

जय भीम.